आमच्या घरातल्या बायका कामाला जात न्हाईत

रंजिता माझी धाकटी बहीण. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. मी आठवीत शाळा सोडली, ती बारावी पास झाली. तिचा निकाल लागला त्या दिवशी अख्ख्या आळीला पेढे मी वाटले, बाबांनी न्हाय. आमच्या घरात बारावीपर्यंत गेलेली ती पहिली. हे मी आजपण कोणालाही सांगतो.

कल्याणवरनं भिवंडीला येताना कोन लागतं. तिथं उतरून बाळाराम कुठं राहतो म्हणून विचारा. पत्ता सांगणार न्हाईत, माणूस घरापर्यंत सोडायला येईल. तीन मजली घर हाय, खाली दोन गाळे भाड्यानं दिलेत, पुढं मोठा ओटा हाय. गावात कोणाची हळद असो, क्रिकेटची टूर्नामेंट असो, पहिली पत्रिका माझ्याकडं येते. बढाई मारत न्हाय, जे हाय ते सांगतो. कारण पुढं जे सांगायचं हाय ते यावरनंच झालं.

रंजूचं लग्न मी अंजूरला लावून दिलं. पोरगा भावेश, स्वतःचा टेम्पो, घर चांगलं. लग्नात काय कमी ठेवलं न्हाय. तीन वर्षांनी पोरगी झाली, ऋतिका. पोरगी तीन महिन्यांची असताना एक दिवस दुपारी रंजूचा फोन आला.  बोलली, "दादा, हात हलत न्हाय."

डावं मनगट मोडलं होतं. भावेशनं दरवाज्यात घालून दाबलं होतं.

मी पाच गाड्या घेऊन गेलो. पुढं माझी स्कॉर्पिओ, मागं गावातली चाळीस माणसं. भावेशच्या दारात उभा राहून एवढंच बोललो, "रंजू, पोरीला घे. बाकी काय घ्यायचं न्हाय." कोणाला हात लावला न्हाय. लावायची पाळीच आली न्हाय. भावेश घरात दडून बसला, त्याची म्हातारी ओट्यावर उभी राहून रडत होती, "पोरीला नका नेऊ, माझी नात हाय." मी ऐकलं न्हाय. त्या दिवसाबद्दल कोनमध्ये आजपण बोलतात. भाऊ असावा तर असा, असं बोलतात.

रंजूला घरामागची खोली दिली. चूल वेगळी करू नकोस बोललो, पण तिनं केली. "एक दिवस खाईन, एक वर्ष खाईन. नंतर वहिनीच्या डोळ्यांत येईल," बोलली. मी बोललो, "मनालीच्या डोळ्यांत यायला डोळे वर करायला टाईम कुठं हाय तिला."

ते खरंच होतं. मनाली माझी बायको. आई, म्हणजे गोदूबाई, दोन वर्षांपासनं अंथरुणावर. लकवा. तिला भरवायचं, फिरवायचं, पुसायचं, लघवीची पिशवी बदलायची, सगळं मनाली.

दीड वर्ष रंजू घरात राहिली. मग एक दिवस गळ्यात आयकार्ड घालून आली. गोडाऊनला लागली होती, पॅकिंगला. सकाळी आठची शिफ्ट, पाचला सुटायचं.

मी बोललो, "लोक काय बोलतील? बाळारामची बहीण गोडाऊनला खोके चिकटवते?"

"कुठल्या गोडाऊनला ते विचारलंस?"

"कुठल्या?"

"आपल्याच शेतातल्या. आई जिथं लावणी करायची ना, तिथं आता माझं टेबल हाय. बाबांनी विकली जमीन, दादा. मी परत गेले तिथं, एवढंच."

  तीन महिने बोललो न्हाय तिच्याशी. सकाळी सात वाजता ती ओढणीनं तोंड बांधून ओट्यापुढनं जायची, मी पेपर वर धरायचो.

आता पोरीचं. ऋतिका दोन वर्षांची. अंगणवाडीत तीन वर्षांपासनं बसवतात, तेपण सकाळी दहापासनं दुपारपर्यंत. लहानांना फक्त आहाराचं पाकीट देतात, घरी शिजवायचं. सुरुवातीला रंजू पोरीला मनालीकडं ठेवून जायची. पोर ती, कुठं एका जागी बसते. एकदा मनाली गॅस बंद करायला गेली तेवढ्यात ऋतिकानं आईची पिशवी ओढली. नळी निघाली, रक्त आलं. आईला बोलता येत न्हाय, नुसती डोळे फाडून बघत होती. डॉक्टरला घरी बोलवावं लागलं.

संध्याकाळी मनाली रंजूला बोलली, "ताई, रागावू नका. मला दोनच हात हायेत. एक म्हातारी आणि एक तान्ही, दोघींपैकी एक मरेल माझ्या हातून."

रंजू रागावली न्हाय. दुसऱ्या दिवसापासनं मागच्या चाळीत एक बाई पोरं सांभाळायची, तिच्याकडं ठेवायला लागली. सात-आठ पोरं एका खोलीत. सगळ्यांच्या आया लूमवर न्हायतर गोडाऊनला. पोरगी तिथं शांत राहायची. इतकी शांत की संध्याकाळी रंजूनं उचलली तरी मान पडलेली. महिनाभर रंजूला वाटलं, दमते खेळून. एक दिवस शिफ्ट लवकर सुटली म्हणून ती तीनलाच गेली. आठच्या आठ पोरं झोपलेली, ओळीनं, चटईवर. कोनाड्यात खोकल्याच्या औषधाची बाटली.

ती बाई बोलली, "दीदी, अकेली औरत आठ बच्चे कैसे देखूँ? सुलाती हूँ, मारती तो नहीं."

रंजू हे मनालीला सांगत होती ते मी जिन्यातनं ऐकलं. माझं डोकं सणकलं. त्या बाईला चाळीतनं हाकलून द्यायला निघालो होतो. रंजूनं आडवा हात केला. तीन महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "हाकलशील. मग उद्या बाकीची सात कुठं जातील?"

त्याच सुमाराला सरकारचं नवीन निघालं. अंगणवाडीला जोडून पाळणाघर करणार. सहा महिन्यांपासनंची पोरं घेणार, दिवसभर ठेवणार, जेवण तिथंच, झोपायला गाद्या, बघायला दोन बाया. ज्यांच्या आया कामाला जातात त्यांच्यासाठी. ही बातमी रंजूला दिली कलावतीबाईनं. कलावतीबाई आमच्या गावची अंगणवाडी सेविका, वीस वर्षं झाली. बौद्धवाड्यातली. गावातलं पोर कधी चालायला लागलं, कधी दात आले, आईच्या आधी तिला माहीत.

रंजूनं जीव टांगला त्या पाळणाघरावर. सुपरवायझरनं तिला विचारलं होतं, माल उतरतो तिथल्या काउंटरवर येशील का. कंपनीच्या पटावर नाव, पीएफ, रविवार सुट्टी. अट एकच, दांडी चालणार न्हाय. बारावी पास म्हणून विचारलं. पेढे उगाच न्हाय वाटले मी. तिनं सुपरवायझरकडनं दोन महिने मागून घेतले. पाळणाघर चालू झालं की लगेच येते बोलली. तोपर्यंत त्याच बाईकडं पोरगी ठेवली, पण सकाळी स्वतः बाटली उचलून पिशवीत टाकून न्यायची. बाईनं दुसरी आणली असेल तर ते रंजूला माहीत न्हाय.

कलावतीबाईनं सांगितलं होतं, आधी घरोघर सर्वे होईल. किती पोरांच्या आया कामाला जातात ते मोबाईलमध्ये भरायचं. पुरती पोरं भरली तरच कोनला पाळणाघर, न्हायतर दुसऱ्या जागी जाईल.

रंजूनं मनालीला सांगितलं, मनालीनं मला जेवताना सांगितलं. "सर्वेला येतील. ताईचं नीट सांगा. पोरीचं नाव लागायला पाहिजे." मी मान हलवली. मला माहीत न्हाय असं मी म्हणणार न्हाय. मला माहीत होतं.

सर्वे आला त्या दिवशी ओट्यावर पाहुणे होते. मितेश आणि त्याच्या कमिटीची चार पोरं, टूर्नामेंटला मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवायला आलेली. बॅनरवर माझा फोटो किती मोठा असणार ते मितेश हातानं दाखवत होता. तेवढ्यात कलावतीबाई आली. घामानं भिजलेली. हातात मोबाईल, त्याला चार्जिंगची वायर लटकलेली.

"बाळारामशेठ, दोन मिनिटं. घरात सहा वर्षांच्या आतलं मूल?"

"एक. माझी भाची. ऋतिका."

"घरातली कोणी बाई बाहेर कामाला जाते?"

मितेश माझ्याकडं बघत होता. पोरं चहा पीत होती. बोलू न्हाय, पण गावात कुजबूज होतीच, बाळारामनं पाच गाड्या नेऊन बहीण आणली आणि गोडाऊनला लावली.

मी बोललो, "आमच्या घरातल्या बायका कामाला जात न्हाईत."

कलावतीबाईनं मोबाईलवरनं मान वर केली. रोज सकाळी सातला रंजू नाक्यावर रिक्षासाठी उभी असायची तेव्हा ती तिथनंच घरभेटींना निघायची.

"शेठ, रंजिता..."

"रंजिता माहेरी आलेली हाय. भावाचं घर हाय तिचं. बसून खाते. लिवा, गृहिणी."

"बघा हां. एकदा भरलं की मला बदलता येत न्हाय. तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईल, तो दिला की झालं."

मोबाईल वाजला. सहा आकडे होते. मी मोठ्यानं वाचून दाखवले, पोरांनापण ऐकू येतील असे.

मितेश बोलला, "शेठ म्हणजे शेठ."

त्या संध्याकाळी मनालीनं विचारलं, "आलेली का कलावतीबाई?" आली होती, एवढंच बोललो.

पाच आठवड्यांनी यादी लागली. कोनमध्ये अकरा पोरं. अकराच्या अकरा चाळीतली, भाड्यानं राहणाऱ्यांची. आमच्या गावातल्या एकापण घराचं नाव न्हाय. म्हणजे माझ्यासारखेच सगळे. प्रत्येक ओट्यावर कोणीतरी शेठ बसला होता आणि प्रत्येकानं हेच सांगितलं. पाळणाघर भिवंडीत गेलं, धामणकर नाक्याच्या बाजूला. अकरा पोरांसाठी कोनला देता येत न्हाय, असं ठरलं.

ग्रामपंचायतीसमोर आम्ही दहा-पंधरा जण उभे होतो, सरकार कसं गावाला डावलतं यावर बोलत. मीच जोरात बोलत होतो. कलावतीबाई तिथनं चालली होती. थांबली. कधी वर तोंड करून न बोललेली बाई.

"शेठ, सरकारनं न्हाय डावललं. मी प्रत्येक दारात विचारलं. कोणाचीच बाई कामाला जात न्हाय बोललात. मग सकाळी सात वाजता नाक्यावर रिक्षात कोण बसतं? भुतं?"

कोणी हसलं न्हाय.

रंजू घरी आली ती सरळ ओट्यावर. चप्पलपण काढली न्हाय. "दादा, ओटीपी तू दिलास?"

"पाहुणे होते."

"कोण होते?"

"मितेश. टूर्नामेंटवाले."

तिनं मान हलवली, जसं काय हिशोब जुळला. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी बोललो, मी बघतो. आणि बघितलं. तीन दिवस ऑफिसांच्या पायऱ्या चढलो. जिथं खुर्ची मिळायची तिथं टेबलासमोर उभा राहिलो. एक क्लार्क, मला पोरगा शोभेल एवढा, बोलला, "काका, कुटुंबप्रमुखाची संमती हाय यात. तुम्हीच दिलीय. आता पुढच्या सर्वेला." मी त्याला सांगितलं मी कोण हाय. तो बोलला, "हो, नाव दिसतंय ना इथं."

मग धामणकर नाक्याचं पाळणाघर. तिथं जागा होती, ऋतिकाला घ्यायला तयार होते. पण ते उघडणार नऊला. रंजूची शिफ्ट आठला, आणि गोडाऊन उलट्या दिशेला. मी बोललो, मी सोडीन पोरीला गाडीतनं. दोन दिवस सोडली. नाक्यावर ट्रॅफिक असा की पुढं ट्रक, मागं ट्रक, बाजूनं रिक्षा घुसलेल्या, आणि मागच्या सीटवर पोरगी रडून रडून ओकलेली. पहिल्या दिवशी दीड तास. दुसऱ्या दिवशी आईला झटका आला, मनालीचा फोन, गाडी तिथनंच वळवली. पोरीला तशीच परत आणली. रंजू नुकतीच काउंटरवर लागली होती, तिला ते सोडून अर्ध्या दिवसात यावं लागलं. सुपरवायझर बोलला, एकदा चाललं, परत न्हाय.

मी तिला बोललो, "काम सोड. मी मेलोय का? तुम्हा दोघींना पोसायला माझ्याकडं काय कमी हाय?"

ती खोलीच्या दारात बसून पोरीचे केस विंचरत होती. "तू पोसशील रे. बघणार वहिनी. तिचे हात बघितलेस कधी? डेटॉलनं सोलून निघालेत. तू आईला एवढ्या वर्षांत एकदा तरी फिरवलंस का कुशीवर?"



मग ती बोलली, केस विंचरता विंचरता, आवाज न चढवता. "मी अंजूरला जाते परत."

मला वाटलं चुकीचं ऐकलं. "कुठं?"

"सासूचा फोन येतो महिन्यातनं एकदा. पोरीला बघते बोलते. तिथनं गोडाऊनला कंपनीची बस हाय."

"आणि तो?"

"तो तोच."

मी ओरडलो. पाच गाड्यांची आठवण करून दिली, चाळीस माणसांची. तिचं मनगट धरलं, वाकडं सांधलेलं, तिच्याच तोंडापुढं धरलं. ती हात सोडवून घेत बोलली, "दादा, तो मला मारेल. पण म्हातारी ऋतिकाला औषध पाजून न्हाय झोपवणार. पोरगी जागी राहील. इथं माझ्याकडं एवढंपण न्हाय."

पुढच्या रविवारी मी तिला सोडलं. त्याच स्कॉर्पिओतनं. मागं कोणाची गाडी न्हाय. भावेश दारात आला, यावेळी दडला न्हाय. माझ्याकडं बघून फक्त हसला, "या शेठ, चहा घ्या." म्हातारीनं पोरीला उचललं, पोरगी ओळख न पटून रडायला लागली. रंजू आत गेली. मी चहा घेतला न्हाय. पण त्याला काय बोललोपण न्हाय. बोललो असतो तर नंतर कोणावर निघालं असतं ते मला कळतं. तेवढी अक्कल हाय.

ती काउंटरवर हाय अजून. पटावर नाव लागलं. कधी कधी मी पाच वाजता गोडाऊनच्या गेटजवळ गाडी लावतो. सगळ्या बाया बाहेर पडतात, घामानं निथळत, बाह्या वर सारून. मे महिन्यातपण तिचा ड्रेस फुल बाह्यांचा असतो. मी विचारत न्हाय. ती सांगत न्हाय. ऋतिका बोलायला लागली, मोबाईलवर मला मामा बोलते. ते चांगलं बोलते, चटचट. जागी असते.

यंदा परत सर्वे निघाला. कलावतीबाई नाक्यावर भेटली, मी थांबवलं. बोललो, या वेळी तुमच्याआधी मी फिरतो. आणि फिरलो. तेवीस घरं. एकेका ओट्यावर बसलो. बाळारामचं ऐकतात लोक, ते खोटं न्हाय. बोलले, "शेठ, मागच्या वेळी तुम्हीच तर बोललात आपल्यात बायका कामाला जात न्हाईत." मी बोललो, "मागच्या वेळी मी चुकलो. नाव लिवा." हे वाक्य मी जन्मात कधी बोललो नव्हतो. त्या आठवड्यात तेवीस वेळा बोललो. मितेशच्या घरीपण. त्याची वहिनी कुरिअरच्या ऑफिसला जाते, ते मला तेव्हा कळलं. खालचा एक गाळा रिकामा करून ठेवलाय, पाळणाघराला लागला तर. भाडं नको. पाटीवर नाव घाला म्हणूनपण सांगितलं न्हाय.

आमच्या घरी कलावतीबाई सगळ्यात शेवटी आली. यावेळी तिला खुर्ची दिली. पाणी दिलं. ओट्यावर दुसरं कोणी नव्हतं.

"सहा वर्षांच्या आतलं मूल?"

"ऋतिका."

"बाहेर कामाला जाणारी बाई?"

"रंजिता. माझी बहीण. गोडाऊनला, काउंटरवर. बारावी पास हाय. लिवा."

तिनं लिहिलं न्हाय. मोबाईल मांडीवर ठेवला. "बाळारामदादा, तिचं नाव आता अंजूरला हाय. पोरीचंपण. नावं तिकडं गेली." मग हळूच, "या घराला काय लिहू?"

आतनं मनालीचा आवाज येत होता, आईला कुशीवर वळवत होती, एक, दोन, तीन मोजत. एकटीच्यानं होत न्हाय आता. मी उठायला लागलो.

"दादा, आधी हे. नेट जाईल परत. लिहू ना, कामाला जाणारी बाई न्हाय म्हणून?"

"लिवा," मी बोललो.

मोबाईल वाजला. सहा आकडे होते. मी एकेक करून सांगितले.